द्रावकांचा ताळेबंद: निरीक्षक आणि कारखाने यांना एका वर्गात आणण्याचा अनुभव

द्रावकांचे उत्सर्जन कमी करण्यासाठी नियामक यंत्रणेतील अधिकारी आणि उद्योगातील माणसे यांचे एकत्रित प्रशिक्षण आखण्याचे काम जानेवारीत माझ्याकडे आले आणि डिसेंबरमध्ये त्याचा शेवटचा टप्पा संपला. या विषयावर कायद्याची कलमे आणि यंत्रांची माहितीपत्रके भरपूर मिळतात. पण असे प्रशिक्षण प्रत्यक्षात कसे उभे करायचे, परवानग्या कुठे अडतात, पैसा कशावर जातो आणि वर्गात कोणते प्रश्न समोर येतात, याबद्दल लिहिलेले मला तेव्हा फारसे सापडले नव्हते. ज्यांच्यावर पुढे हे काम येईल त्यांच्यासाठी घडले त्या क्रमाने लिहिते आहे.

विषय थोडक्यात असा. शाई, रंग, वार्निश, गोंद हे पातळ ठेवण्यासाठी आणि यंत्रे किंवा धातूचे सुटे भाग स्वच्छ करण्यासाठी टोल्यूइन, इथाइल ॲसिटेट, एमईके (मिथाइल इथाइल कीटोन), आयसोप्रोपिल अल्कोहोल, पर्क्लोरोइथिलीन असे पदार्थ वापरले जातात. बहुतेक ठिकाणी द्रावकाचे काम वस्तू पृष्ठभागावर नेऊन पोहोचवण्याचे असते आणि ते झाले की त्याने उडून जाणेच अपेक्षित असते. उडालेली वाफ कामगाराच्या श्वासात जाते. बाहेर गेल्यावर नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर सूर्यप्रकाशात तिची अभिक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. हा संबंध रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करताना दाखवून दिला. म्हणजे ज्या कारखान्याच्या चिमणीतून डोळ्यांना काहीच दिसत नाही, तोही या प्रदूषणात मोठा वाटेकरी असू शकतो. प्रशिक्षणाची गरज इथूनच सुरू होते, कारण धूर आणि सांडपाणी पाहण्याची सवय झालेल्या नजरेला ही वाफ दिसत नाही.

फेब्रुवारीत मी दोन्ही बाजूंना प्रश्नावली पाठवली. निरीक्षकांनी कलमांची आणि चिमणीच्या मापनाची माहिती मागितली; कारखान्यांनी कोणते यंत्र बसवले म्हणजे नोटीस येणार नाही, हे विचारले. या उत्तरांवर अभ्यासक्रम बेतला असता तर एकमेकांशी संबंध नसलेली दोन प्रशिक्षणे झाली असती. त्यामुळे प्रश्नावली बाजूला ठेवून मी काही कारखान्यांत जाऊन बसले आणि निरीक्षकांबरोबर काही तपासण्यांनाही गेले. तपासणीचा बहुतेक वेळ चिमणीच्या अहवालावर जात होता. वर्षभरात थिनर किती विकत घेतला, असे कोणी विचारत नव्हते. कारखान्यात उत्पादन विभागाला शाईचा खप माहीत होता, स्टोअरमधल्या माणसाला आलेली पिंपे माहीत होती आणि कचरा पाठवणाऱ्याला बाहेर गेलेली पिंपे माहीत होती, पण हे तिन्ही आकडे एका कागदावर कधी आलेले नव्हते.

तेव्हाच ठरवले की सगळे प्रशिक्षण द्रावकाच्या ताळेबंदाभोवती बांधायचे. वर्षभरात किती द्रावक आत आले, ते कोणकोणत्या वाटांनी बाहेर गेले आणि ज्याची वाट सापडत नाही ते किती, हा हिशेब निरीक्षकाला तपासता आला पाहिजे आणि कारखान्याला मांडता आला पाहिजे. त्यासाठी एक अट घातली: प्रत्येक कारखान्याने उत्पादन किंवा देखभाल विभागातील एक आणि स्टोअर किंवा खरेदी विभागातील एक, अशी दोन माणसे पाठवायची. या अटीला सर्वाधिक विरोध झाला. ‘स्टोअरच्या माणसाला पर्यावरणाच्या वर्गात काय काम?’ असे अनेकांनी फोनवर विचारले. मी अट सोडली नाही, आणि असे प्रशिक्षण आखणाऱ्या प्रत्येकाला माझा हाच आग्रह राहील.

मार्चपासून परवानग्यांचा काळ सुरू झाला आणि तो अपेक्षेपेक्षा बराच लांबला. अडचण एकाच मुद्द्यावर होती. कारखाने म्हणत होते की आम्ही वर्गात खरे आकडे मांडले आणि पुढच्या महिन्यात त्याच आकड्यांवर कारवाई झाली तर काय? नियामक कार्यालयाच्या विधी विभागाचे म्हणणे असे की अधिकाऱ्याला कायद्याने दिलेले कर्तव्य प्रशिक्षणाच्या नावाखाली कोणी माफ करू शकत नाही. दोन्ही म्हणणी रास्त होती. पहिला मसुदा परत आला, दुसराही आला. शेवटी जो मजकूर मान्य झाला त्यात चार गोष्टी होत्या. कोणत्याही निरीक्षकाला त्याच्या कार्यक्षेत्रातील कारखान्याच्या गटात बसवायचे नाही. आकडे कारखान्याचे नाव काढून सांकेतिक क्रमांकावर मांडायचे. शाई किंवा रंगाचे सूत्र न सांगता फक्त द्रावकाची टक्केवारी द्यायची. आणि जीवाला तातडीचा धोका दिसला तर तो तिथल्या तिथे सांगण्याचे बंधन सर्वांवर राहील. मेच्या मध्यावर सहीचे पत्र हाती आले. विधी विभागाला ‘हे चालेल का?’ असे विचारणारे पत्र पाठवले की ते टेबलावर पडून राहते. मान्य करता येईल असा तयार परिच्छेद घेऊन प्रत्यक्ष भेटले तर चर्चा शब्दांवर होते आणि काम पुढे सरकते.

वाट पाहण्याच्या त्या आठवड्यांत मन फार अस्वस्थ होते. यजमान म्हणून तयार झालेला एक छपाईचा कारखाना रोज विचारत होता की तारीख नक्की का होत नाही, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

खर्चाबद्दल सांगायचे तर व्याख्यात्यांचे मानधन आणि सभागृह हे मोठे खर्च नव्हतेच. सर्वांत मोठा वाटा मापनाचे उपकरण भाड्याने घेणे, ते जुळवून घेण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणित वायूंची सिलिंडरे आणि कारखान्यातील प्रत्यक्ष कामाचा दिवस यांवर गेला. त्या दिवशी यजमान कारखान्याची एक छपाई-रांग संथ चालते, त्याची भरपाई अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावी. निरीक्षकांचा खर्च त्यांच्या कार्यालयाच्या प्रशिक्षण निधीतून आला, मोठ्या कारखान्यांनी शुल्क भरले आणि लहान युनिटांना शुल्कात सवलत दिली. प्रमाणित वायूची मागणी सहीचे पत्र येण्याआधीच नोंदवली होती, कारण तो वायू तयार होऊन, प्रमाणपत्र लागून, वाहतुकीने पोहोचायला काही आठवडे जातात. सिलिंडरवरील वैधतेची तारीख प्रशिक्षणाच्या तारखेच्या पुढची आहे ना, हेही मागणी नोंदवतानाच पाहावे.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. सोमवारी सकाळी निरीक्षक एका बाजूला आणि कारखान्यांची माणसे दुसऱ्या बाजूला बसली, हे कोणीही न सांगता घडले. परिचयानंतर गट पाडून सर्वांना मिसळून बसवले. पहिला प्रयोग अगदी साधा ठेवला होता. धूर-कपाटात एका संवेदनशील तराजूवर उथळ बशीत ॲसिटोन ओतला आणि आकडा पडद्यावर दाखवत राहिलो. शेजारी तेवढाच ॲसिटोन झाकण लावलेल्या डब्यात ठेवला. पहिला आकडा सर्वांच्या समोर सतत उतरत होता, दुसरा जागचा हलत नव्हता. ॲसिटोनचा प्रज्वलनबिंदू शून्याखाली सुमारे २० अंश सेल्सिअस असल्याने आसपास ठिणगीचा कोणताही उगम नसावा. तासाभरात प्रस्तावनेची जी व्याख्याने झाली असती त्यापेक्षा जास्त गोष्ट त्या तराजूने सांगितली.

नियमांचा इतिहास मी मुद्दाम थोडक्यात उरकला: दूरवर पसरणाऱ्या वायुप्रदूषणाविषयीचा १९७९चा करार, त्याखालील बाष्पशील सेंद्रिय संयुगांचा १९९१चा जिनिव्हा प्रोटोकॉल, १९९९चा गोथेनबर्ग प्रोटोकॉल, आणि युरोपीय संघाचा द्रावक उत्सर्जनाविषयीचा १९९९चा निर्देश, जो पुढे औद्योगिक उत्सर्जनाच्या २०१० सालच्या निर्देशात सामावला. त्या युरोपीय चौकटीतील ताळेबंदाची पद्धत मी वर्गासाठी घेतली, कारण ती कोणत्याही कायद्याखाली वापरता येते. २९३.१५ केल्विन तापमानाला ज्याचा बाष्पदाब ०.०१ किलोपास्कल किंवा अधिक, ते बाष्पशील सेंद्रिय संयुग, ही व्याख्याही तिथलीच.

मंगळवारचा पूर्ण दिवस ताळेबंदाला दिला. पद्धत अशी आहे: विकत घेतलेले द्रावक म्हणजे आय-१, परत मिळवून प्रक्रियेत पुन्हा वापरलेले म्हणजे आय-२. बाहेर जाण्याच्या वाटा ओ-१ ते ओ-९ अशा मोजतात. चिमणीतून गेलेले ओ-१, पाण्यातून गेलेले ओ-२, मालात राहिलेले ओ-३, दारे-खिडक्या आणि सर्वसाधारण वायुवीजनातून निसटलेले ओ-४, जाळून किंवा अभिक्रियेने नष्ट झालेले ओ-५, गोळा केलेल्या कचऱ्यातले ओ-६, विकलेले ओ-७, परत मिळवून साठवलेले पण प्रक्रियेत न वापरलेले ओ-८, आणि उरलेल्या वाटा ओ-९. ओ-४ थेट मोजणे फार अवघड असते, म्हणून उलट बाजूने जातात: आय-१ मधून ओ-१, ओ-५, ओ-६, ओ-७ आणि ओ-८ वजा केले की पसरट म्हणजे न पकडलेले उत्सर्जन मिळते. त्याची टक्केवारी आय-१ आणि आय-२ यांच्या बेरजेवर काढतात.

वर्गासाठी मी एक काल्पनिक छपाई कारखाना रचला होता. खरेदी ४० टन, पुनर्वापर १० टन, कचऱ्यातून ६ टन, विक्री आणि साठा शून्य; द्रावक फक्त इथाइल ॲसिटेट. वाफ जाळणाऱ्या ऑक्सिडायझरच्या आत जाणारा वर्षाचा कार्बन १२.२७ टन आणि चिमणीतून बाहेर येणारा ०.२७ टन. गटांना सांगितले की पसरट उत्सर्जनाची टक्केवारी काढा. बहुतेक गटांनी नष्ट झालेले म्हणून १२ टन वजा केले आणि उत्तर ४३ टक्क्यांच्या वर काढले. निरीक्षकांचे चेहरे कठोर झाले, कारखान्याची माणसे हिशेबच अमान्य करू लागली.

इथे पूर्ण दिवसातला सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास आला. ज्वाला-आयनीभवन संवेदक म्हणजे एफआयडी हे उपकरण कार्बनच्या भाषेत उत्तर देते आणि खरेदीचे रजिस्टर द्रावकाच्या वजनात बोलते. इथाइल ॲसिटेटच्या ८८ ग्रॅममध्ये कार्बन फक्त ४८ ग्रॅम असतो, म्हणून कार्बनचा आकडा ८८ भागिले ४८, म्हणजे सुमारे १.८३ ने गुणल्याशिवाय तो रजिस्टरातल्या आकड्यातून वजा करताच येत नाही. टोल्यूइनमध्ये कार्बन ९१ टक्के असल्याने तिथे फरक लहान पडतो, इथेनॉलमध्ये तो ५२ टक्केच असल्याने फार मोठा पडतो. गुणाकार केल्यावर नष्ट झालेले द्रावक २२ टन झाले, चिमणीतले अर्धा टन झाले आणि पसरट उत्सर्जन ४० वजा २२ वजा ६ वजा ०.५, म्हणजे ११.५ टन, पन्नास टनांच्या २३ टक्के.

आता पुढचा प्रश्न. वर्षाला २५ टनांहून अधिक द्रावक वापरणाऱ्या फ्लेक्सोग्राफी (लवचिक ठशांची) किंवा पॅकेजिंग ग्रॅव्ह्युअर (कोरलेल्या रुळांची) छपाईला युरोपीय नियमात चिमणीसाठी प्रतिघनमीटर १०० मिलिग्रॅम कार्बन आणि पसरट उत्सर्जनासाठी २० टक्के अशी मर्यादा आहे. या कारखान्याची चिमणी सहज नियमात बसत होती, ऑक्सिडायझर जवळजवळ ९८ टक्के वाफ जाळत होता आणि तरीही कारखाना नियमात नव्हता. बाहेर जाणाऱ्या १२ टन वाफेपैकी साडेअकरा टन चिमणीकडे गेलेलीच नव्हती. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका ज्येष्ठ निरीक्षकांनी विचारले, “म्हणजे आम्ही इतकी वर्षे चिमणीचा अहवाल मागत होतो, तो या सगळ्याचा किती भाग होता?” त्यांच्या शेजारी स्टोअर सांभाळणारी एक तरुण मुलगी बसली होती. तिने शांतपणे अर्ध्या टनाला बाराने भागले आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

आय-२ वर जोरदार वाद झाला, आणि तो होणे आवश्यक होते. पुनर्वापर केलेले द्रावक प्रत्येक वापराच्या वेळी पुन्हा मोजले जाते, त्यामुळे छेद वाढतो आणि टक्केवारी उतरते. आय-२ धरला नसता तर तेच ११.५ टन जवळजवळ २९ टक्के झाले असते. काही निरीक्षकांना ही पळवाट वाटली. माझे मत असे की पुनर्वापराला श्रेय मिळालेच पाहिजे, पण ऊर्ध्वपातन यंत्राच्या नोंदवहीत प्रत्येक घाण्याचे आत आणि बाहेर झालेले वजन नसेल तर आय-२ शून्य धरावा. हा नियम आम्ही वर्गापुरता लिहून घेतला.

बुधवारी यजमान कारखान्यात गेलो. प्रत्येकाच्या हातात धुराची एक नळी दिली होती. अशा नळीतून निघणारा बारीक पांढरा धूर हवेची दिशा दाखवतो. छपाईयंत्राच्या सुकवणी-कक्षाच्या फटीजवळ धूर आत ओढला गेला पाहिजे. एका ठिकाणी तो बाहेर येत होता. उन्हाळ्यात कामगारांसाठी लावलेला मोठा पंखा फटीवरून हवा ओढून घेत होता, आणि पंखा बंद करताच धूर आत वळला. पंखा कामगारांच्या सोयीचा होता, त्यामुळे तो काढा असे कोणी म्हणाले नाही. तो कुठे आणि कोणत्या दिशेने लावावा यावर देखभाल विभाग आणि निरीक्षक एकत्र उभे राहून बोलू लागले. तोपर्यंतच्या दिवसांत हे दोघे पहिल्यांदाच एका बाजूने विचार करताना दिसले.

बाकी ज्या गोष्टी सापडल्या त्या जवळजवळ प्रत्येक कारखान्यात सापडतात: नरसाळे तसेच ठेवलेले उघडे पिंप, द्रावकाने भिजलेली फडकी टाकलेला झाकण नसलेला डबा, सुटे भाग धुण्याच्या टाकीचे रात्रभर उघडे राहिलेले झाकण, शाईच्या तबकावरचे काढून ठेवलेले आवरण. ऑक्सिडायझरच्या बगलमार्गाची झडप पूर्ण बंद होत नसेल तर न जळलेली वाफ थेट चिमणीत मिसळते, हेही तिथे दाखवता आले. कोणाचेही नाव न घेता प्रत्येक गटाने या जागांची यादी केली आणि शेजारी अंदाज लिहिला की इथून दर आठवड्याला किती जात असेल. अंदाजांत फार मोठी तफावत होती, म्हणून संध्याकाळी दोन उघडे डबे काट्यावर ठेवून सकाळी वजन करायचे ठरवले. रात्रीच्या पाळीच्या प्रमुखांनी स्वतः नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी तो आकडा वर्गात त्यांनीच वाचून दाखवला.

गुरुवार मापनाचा. एफआयडीमध्ये हायड्रोजनची ज्वाला असते, म्हणून ज्वलनशील वाफेच्या वर्गीकृत क्षेत्रात उपकरण ठेवता येत नाही. ते बाहेर सुरक्षित जागी ठेवून गरम केलेल्या लांब नळीने नमुना आणावा लागतो. ही नळी साधारण १८० अंशांपर्यंत तापवतात, नाहीतर जड द्रावक वाटेतच थंड होऊन चिकटते आणि आकडा खोटा कमी येतो. नळीची लांबी आणि वीजजोडणीचे ठिकाण आदल्या दिवशी जाऊन पाहून ठेवावे. प्रोपेनवर जुळवलेले उपकरण पीपीएम (दशलक्ष भागांत किती भाग) दाखवत असेल तर एका प्रोपेन-पीपीएमला १.६ ने गुणले की प्रमाणित घनमीटरमागे मिलिग्रॅम कार्बन मिळतो. पडद्यावर ७० दिसले म्हणून १०० च्या मर्यादेच्या आत आहोत असे समजले, तर प्रत्यक्षात ११२ असतात. शिवाय ऑक्सिजनशी बांधलेल्या कार्बनला हे उपकरण कमी प्रतिसाद देते, त्यामुळे एस्टर (उदाहरणार्थ इथाइल ॲसिटेट) किंवा अल्कोहोल असलेल्या कारखान्यात प्रतिसाद-गुणकाची, म्हणजे ही तूट भरून काढणाऱ्या आकड्याची, चौकशी केल्याशिवाय अहवाल स्वीकारू नये. निरीक्षकांनी इथून प्रश्नांची एक यादी स्वतः तयार केली, जी पुढे अहवाल वाचताना ते वापरणार होते.

शुक्रवारी उत्सर्जन कमी करण्याचे उपाय घेतले आणि ते मुद्दाम खर्चाच्या चढत्या क्रमाने मांडले. झाकणे, बंद डबे, वायुवीजनाची दिशा. मग धुण्याच्या पद्धतीत बदल. मग पाण्यावर आधारित किंवा कमी द्रावकाची शाई, पावडर कोटिंग, अतिनील किरणांनी सुकणारी वार्निशे. आणि शेवटी वाफ पकडून परत मिळवणे किंवा जाळणे. या क्रमामागे सरळ कारण आहे. ऑक्सिडायझरची किंमत मुख्यतः हवेच्या आकारमानावर ठरते. आधी गळती थांबवली आणि हवा कमी केली तर यंत्र लहान लागते. उष्णता परत मिळवणाऱ्या ऑक्सिडायझरमध्ये ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता वाचते, पण वाफ फार विरळ असेल तर इंधन घालावेच लागते. कोळशाच्या गाळणीत कीटोन जात असतील तर गाळणी तापून आग लागण्याचा धोका असतो, हे एमईके वापरणाऱ्या दोन कारखान्यांनी तिथेच लिहून घेतले.

रंगफवारणी करणाऱ्यांसाठी कोरा पत्रा फवारणीआधी आणि नंतर तोलून पाहिला आणि बंदुकीतून खर्च झालेल्या रंगाच्या घन भागाशी त्याची तुलना केली. तोंडाशी ०.७ बारपेक्षा कमी दाब ठेवणाऱ्या, जास्त हवा आणि कमी दाबाच्या बंदुकीकडून किमान ६५ टक्के रंग पृष्ठभागावर पोहोचणे अपेक्षित असते; जुन्या पद्धतीच्या बंदुकीत तो बराच कमी पोहोचतो. वाफेने धातू धुण्याच्या टाकीत टोपली मिनिटाला साधारण ३.४ मीटरपेक्षा वेगाने उतरवू-चढवू नये आणि झाकण उचलण्याऐवजी आडवे सरकवावे, नाहीतर वर येणाऱ्या झाकणाबरोबर वाफही वर ओढली जाते.

पर्यायी द्रावकांच्या तासाला मी सर्वाधिक काळजीने तयारी केली होती, कारण एका धोक्याच्या जागी दुसरा आणण्याचा इतिहास या क्षेत्रात मोठा आहे. ओझोन थराला घातक म्हणून माँट्रियल प्रोटोकॉलखाली १,१,१-ट्रायक्लोरोइथेन बंद झाले तेव्हा काही धातू-धुलाई केंद्रे ट्रायक्लोरोइथिलीनकडे परतली. २०१२ साली कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याच पदार्थाला माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकले. म्हणून तक्त्यात प्रत्येक पर्यायापुढे ओझोननिर्मिती, ज्वलनशीलता, आरोग्य आणि सांडपाणी असे चार रकाने ठेवले आणि चारही भरल्याशिवाय कोणता पर्याय चांगला हे ठरवू दिले नाही. गटांना वेळ पुरला नाही, पण तासाची घाई करण्यापेक्षा तक्ते घरी नेऊन पूर्ण करणे बरे, असे मी ठरवले.

प्रमाणपत्रे नियामक कार्यालयाच्या सहीसाठी ऑगस्टपर्यंत थांबली. सही कोण करणार हे वर्गाआधीच लेखी घेतले तर हा वेळ वाचतो.

सर्वांनी सहा महिन्यांनी आपापला खरा ताळेबंद घेऊन परत यायचे, असे ठरले होते. डिसेंबरमध्ये बहुतेक आले. काही कारखान्यांचे पसरट उत्सर्जन उतरले होते, पण काहींचे कागदावर वाढले होते आणि ते सांगताना त्यांना फार संकोच वाटत होता. कारण शोधले तेव्हा दिसले की आधी कचऱ्याचे प्रत्येक पिंप भरलेले आणि निव्वळ द्रावकाचे धरले जात होते. आता पिंपे खरोखर तोलली आणि त्यातील द्रावकाची तपासणी केली, तेव्हा ओ-६ घटला आणि तेवढेच द्रावक हवेत गेल्याचे उघड झाले. अशा वाढीला ढिलाई समजले तर पुढच्या वर्षी कोणीही पिंप तोलणार नाही, हे मी निरीक्षकांपुढे जितक्या जोराने मांडता येईल तितक्या जोराने मांडले. पहिल्या काटेकोर वर्षाचा ताळेबंद आधारवर्ष मानावा आणि तुलना तिथून सुरू करावी, अशी टिपणी त्यांनी आपल्या वरिष्ठांकडे पाठवली. निर्णय अजून आलेला नाही.

फॉर्ममध्ये त्यानंतर एक रकाना वाढवला: हा आकडा तोललेला, मोजलेला की अंदाजे. लहान युनिटांची अडचण मात्र उरते, कारण पिंपाचा काटा आणि प्रयोगशाळेची तपासणी दोन्ही त्यांना जड जातात. शेजारच्या युनिटांनी मिळून एक काटा घेणे आणि तपासणीसाठी नमुने एकत्र पाठवणे, असा मार्ग एका गटाने सुरू केला आहे. त्यांना मी एवढेच लिहून दिले की पिंपातला नमुना वरून, मधून आणि तळातून घेऊन मिसळावा, कारण गाळ खाली बसतो आणि फक्त वरून काढलेल्या नमुन्यात द्रावक नेहमी जास्त दिसते.